सातव्या पायरीवरची शांतता

वडील गेल्यावर धाकट्याने वर्षभर खपून आपल्या मेटल बँडचा अल्बम त्यांच्यावरच रचला. शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं पाच सेकंद गप्प होत.

"लोकांना वाटेल गाणं संपलं. कापून टाक," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

धाकट्याचं मन होईना. त्याने आईच्या कानांना हेडफोन लावले.

"अरे, कानठळ्या बसतात!" ती कुरकुरली, पण ऐकत राहिली. सात-सात ठोक्यांनी चाल चढत गेली आणि थांबली. आईने सवयीने दाराकडे पाहिलं. गुडघा दुखायचा म्हणून वडील जिन्यात सात पायऱ्यांनंतर असेच थांबायचे.

गिटार पुन्हा सुरू झाली.

"इतक्यात कसे निघाले? त्यांना दम खायला वेळ लागायचा."

धाकट्याने पाचाचे आठ सेकंद केले.