लहान आहे, रुळेल

खोटं बोलायला मला जमत नाही. कपडे शिवून घ्यायला आलेल्या बाईला ड्रेस शोभत नसेल तर मी तोंडावर सांगते, म्हणून निम्मी गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत जातात. जाऊ देत. तर अशा माझ्याकडून मुलांच्या काकांनी आणि मावशीने कबूल करून घेतलं, की तिघांना काही सांगायचं नाही.

तिघं म्हणजे माझ्या शेजारची. आमची भिंतीला भिंत लागून घरं. आईबाप एकाच गाडीत होते आणि गाडी ट्रकखाली गेली. मागे राहिली थोरली, तेरा वर्षांची, आईसारखीच ओठ मिटून कामं उरकणारी. मधला, नऊचा, प्रश्न विचारून जीव नकोसा करणारा. आणि चार वर्षांची धाकटी. शेंडेफळ, आणि डोक्यावर केसांची एकच शेंडी, म्हणून सगळे तिला शेंडीच म्हणत. मला तिघं शिवणआजी म्हणायची.

मोठ्यांचं सगळं ठरलं होतं. थोरली काकांकडे, घरात हाताशी येईल. मधला वसतिगृहात. शेंडी मावशीकडे, कारण मावशीला मूलबाळ नव्हतं. मुलांना मात्र सांगितलं होतं, की सुट्टीपुरतं पाहुणे म्हणून जायचंय. मी मावशीला म्हटलं, "तिघांना तोडू नका हो." ती वाईट बाई नव्हती, तीच तर पंचाईत. ती रडली आणि म्हणाली, "तिघं मला नाही झेपणार. शेंडी लहान आहे, रुळेल." मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार? माझ्या एका खोलीत मशीन आणि मी, आणि गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला.

प्राण्याची कल्पनाही मावशीचीच. प्रत्येकाला आपापलं एकेक जनावर मिळालं की जीव रमेल म्हणे. म्हणून आम्ही टाकून दिलेल्या प्राण्यांच्या निवाऱ्यात गेलो. शेंडी माझं बोट सोडीना, म्हणून मीही.

ओली फरशी, फिनेलचा वास आणि ओळीने पिंजरे. तिथल्या बाई रबरी बूट घालून पाणी मारत होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि आधी मुलांची वयं विचारली.

"मग पिल्लू नको," त्या म्हणाल्या. "पिल्लू धाकटीला ओरबाडेल आणि मोठीची पुस्तकं खाईल. ससाही नको, धाकटी उचलायला जाईल आणि त्याचा पाय मोडेल. एखादा शांत, मोठा झालेला कुत्रा न्या. ताई त्याला फिरवेल, दादा खायला घालेल, धाकटी त्याच्या अंगावर लोळेल. तिघांत एक पुरतो."

मधल्याचा चेहरा उजळला. आईबाप गेल्यापासून मी तो असा पाहिला नव्हता. "सकाळी मी, संध्याकाळी ताई," तो म्हणाला. "आपण पाळ्या लावू." थोरलीही जराशी हसली.

"घरात जागा आहे ना?" बाईंनी विचारलं.

काकांनी घसा खाकरला. सरळ माणूस, आणि सरळ माणसाचीच जीभ आधी घसरते. "एकाने नाही भागणार," ते म्हणाले. "तीन लागतील. तीन घरं आहेत ना."

मावशीने त्यांची बाही ओढली.

"तीन कुठली?" मधल्याने विचारलं. त्याने एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मी शेंडीचे केस सारखे करू लागले. थोरलीला उत्तराची गरजच पडली नाही. ती वळून पलीकडच्या पिंजऱ्यापाशी गेली.

त्यात दोन म्हाताऱ्या मांजरी अंगाला अंग लावून बसल्या होत्या. दोघींच्या गळ्यात हिरवी पट्टी.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"एका घरातून आल्यात," बाई म्हणाल्या. "वेगळ्या दिल्या तर एक खाणं सोडते. म्हणून अशांना हिरवी पट्टी. द्यायच्या तर दोघी, नाहीतर नाही."

"तिघं असली तर?" मधला म्हणाला.

"तिघांनाही बांधतो. पण तीन कोण नेतं, बाळा?"

"कुणी नेलीच नाहीत तर?" हे थोरलीने विचारलं.

"मग इथेच राहतात."

"एकत्र?"

"एकत्र."

थोरली पिंजऱ्याला पाठ टेकून ओल्या फरशीवर बसली. तिच्या शेजारी मधला. काका म्हणाले, "ऊठ बेटा, कपडे भिजतील." ती म्हणाली, "आम्ही इथे राहतो." आवाज चढवला नाही, हट्टही केला नाही. शेवटी काकांनी तिला उचललं. एवढ्या मोठ्या मुलीला उचलून नेताना मला बघवेना. मी शेंडीचे डोळे झाकले आणि माझेही मिटले.

रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मावशीने घाईघाईत शेंडीसाठी एक पिल्लू घेतलंच. मधल्याच्या वसतिगृहात मासासुद्धा पाळायला चालत नव्हता, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पिल्लाच्या गळ्यात पट्टी नव्हती, आणि त्याचा भाऊ पिंजऱ्यात ऊर फुटेस्तोवर ओरडत होता. "पिल्लू नको म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. मग त्या ओरडणाऱ्या भावाकडे पाहून म्हणाल्या, "पण पिल्लं तोडलेली चालतात. लहान असतात, रुळतात."

निघायच्या दिवशी शेंडी पिल्लाला पोटाशी धरून माझ्या दारात आली.

"हे तू ठेव," ती म्हणाली. "ह्याचा भाऊ तिकडे राहिलाय. त्याला आणशील?"

"आणते," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी खरंच गेले, पण भावाला कुणीतरी आधीच नेलं होतं.

पिल्लू काही दिवस दाराशी बसून रडलं. मग मशीनच्या पायडलपाशी झोपायला लागलं. आता हाक मारली की शेपटी हलवत येतं. निवाऱ्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, तसं रुळलं.

मावशीचा फोन आला होता. "शेंडीही रुळली हो. आधी जेवताना दादाचं, ताईचं ताट मांडायची. आता नावही काढत नाही. मला आई म्हणते." इतकी सुखावली होती बिचारी, की मला तिचा रागही धड करता आला नाही.

थोरलीचा फोन रविवारी येतो, काकू अंघोळीला गेली की, दबक्या आवाजात. स्वतःचं काही सांगत नाही. एकच विचारते.

"शिवणआजी, शेंडी आमची आठवण काढते?"

"रोज," मी सांगते.