उपासनाचे दोन वाढदिवस

वकीलबाईंनी फोन ठेवला आणि सुजातानं हातातला कणकेचा गोळा परातीत असा आपटला की पीठ उडून प्रफुल्लच्या लॅपटॉपवर बसलं.

"सोळा दिवस! बारा वर्षं रांगेत उभे राहिलो आपण, आणि पोरगी सोळा दिवसांनी हुकली!"

प्रफुल्लनं शांतपणे बाहीनं कीबोर्ड पुसला. नवऱ्याचा हा शांतपणा एरवी तिला आवडायचा, आज डोक्यात गेला.

नियम ऐकायला साधा होता. ग्रीन कार्डच्या रांगेत आईबापाचा नंबर लागेल तेव्हा लेकरू एकविसाच्या आत हवं. एकवीस पूर्ण झाली की ते सरकारच्या लेखी तुमचं लेकरूच नाही, त्यानं आपली वाट आपण शोधावी. प्रफुल्लचा नंबर एक ऑक्टोबरला लागत होता. एकवीस भरली म्हणून मे महिन्यातच उपासनाला वेगळा स्टुडंट व्हिसा घ्यावा लागला होता, पण एक आशा होती. सरकारनं अर्ज तपासायला जेवढे दिवस घेतले, तेवढे वयातून वजा होतात. ते वजा करूनही पासपोर्टवरची उपासना सोळा दिवसांनी मोठी निघाली.

पासपोर्टवरची! तिथंच तर सुजाताच्या अंगाची आग होत होती. पासपोर्ट म्हणत होता अठ्ठावीस मे. आणि जिच्यासाठी तिनं दीड दिवस कळा सोसल्या, ती खरी उपासना बारा ऑक्टोबरची होती. खऱ्या तारखेनं पोरगी आरामात रांगेत बसली असती.

या दोन तारखांची गोष्ट अमेरिकेतल्या त्यांच्या शॉमबर्ग गावातल्या निम्म्या मराठी घरांना पाठ होती. दर पॉटलकला, म्हणजे घराघरांतून डबे आणून केलेल्या जेवणाला, सुजाताच ती रंगवून सांगायची. आमचे सासरे हेडमास्तर, गावातल्या अर्ध्या पोरांच्या जन्मतारखा त्यांनीच लावलेल्या, मग नात कशी सुटेल? हिच्या जन्माची नोंद राहून गेली होती. जवळजवळ तीन वर्षांनी केली, तेव्हा शाळेत वर्षभर आधी बसावी म्हणून तारीख साडेचार महिने मागे ओढली! लोक पोट धरून हसायचे. उपासना मेमध्ये 'ऑफिशियल' केक कापायची आणि ऑक्टोबरमध्ये खरा. आणि ज्या शाळेसाठी हा सगळा उपद्व्याप, तिथं ती जेमतेम दोन वर्षं गेली. पाच वर्षांची होती तेव्हाच तिला घेऊन ही मंडळी अमेरिकेत आली.

हेच सासरे, शंकरराव, नेहमीसारखे सहा महिन्यांसाठी लेकाकडे आले होते. बाहेरच्या खोलीत चष्मा लावून बसले होते. पिठाच्या हातांनीच सुजाता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमच्या हुशारीनं माझ्या लेकीचं वाटोळं केलं! गावभर तारखा वाटत फिरलात ते फिरलात, घरच्या पोरीला तरी सोडायचं होतं!"

शंकररावांनी चष्मा काढला. "चुकलं, बाई."

त्या एका शब्दानं ती आणखीच भडकली. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, 'चुकलं' म्हणणाऱ्याचं काय करायचं?

"मी लिहून देतो," म्हातारा म्हणाला. "अ‍ॅफिडेव्हिट करतो. खोटी तारीख मी घातली. जी शिक्षा व्हायची ती मला होऊ दे."

"विचारलं मी वकीलबाईंना," प्रफुल्ल दारातून म्हणाला. "तो कागद पुढे केला की पहिला प्रश्न येणार, पंधरा वर्षं दर फॉर्मवर ही तारीख खरी आहे म्हणून सही कोणी केली? आम्ही दोघांनी. मग तिचं सोडा, सगळ्यांचंच ग्रीन कार्ड जाईल."

तेवढ्यात दार उघडलं. उपासना कॉलेजातून ड्राइव्ह करून आली होती, खांद्यावर धुण्याची बॅग. तिनं तिघांची तोंडं पाहिली आणि बॅग तिथंच टाकली.

"सो इट्स अ नो." तिचा आवाज चढत गेला. "म्हणजे डिग्रीनंतर मी वर्क व्हिसाची लॉटरी खेळायची? नंबर नाही लागला तर इंडिया? मला मराठी वाचतासुद्धा येत नाही, आई! तिथे कोण आहे माझं?" मग ती आजोबांकडे वळली. "आजोबा, व्हाय? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

शंकररावांनी सुनेकडे पाहिलंदेखील नाही. चष्म्याची काडी मिटत म्हणाले, "कोणी नाही, बाळा. माझीच अक्कल."

आणि सुजाताला तो दिवस आठवला.

गावच्या घराच्या ओट्यावर ती उभी होती, पावणेतीन वर्षांची उपासना कडेवर. "बाबा, समोरची आश्लेषा यंदा नर्सरीत चालली. आपली का म्हणून वर्षभर मागे राहील? मे अखेर तीन पूर्ण हवीत एवढीच अट आहे ना, मग मेचीच तारीख घाला!" आणि शंकरराव म्हणाले होते, "लोकांच्या पोरांना तारीखच नव्हती, बाई, म्हणून दिली. हिला आहे. घरच्या पोरीचं खोटं नको." त्यावर ती दोन दिवस सासऱ्यांशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं सायकल काढली आणि मुकाट ग्रामपंचायतीत गेला.

इतकी वर्षं पॉटलकमध्ये ती गोष्ट सांगून सांगून तिनं त्यातून स्वतःलाच पुसून टाकलं होतं. तोच म्हातारा इकडे आला की शेजारी बसून सगळ्यांबरोबर हसायचा. एकदाही म्हणाला नाही, की बाई, असं नव्हतं.

"मी," सुजाता म्हणाली.

"व्हॉट?"

"आजोबांना बोलू नकोस. ते नाही म्हणत होते. मी हट्ट केला. मीच सांगितलं."

प्रफुल्लनं मान खाली घातली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एका लेकीला सोडून.

"पण तू तर दर बर्थडेला सांगायचीस..."

"हो. खोटं सांगायचे."

उपासना ओरडली नाही. ओरडली असती तर सुजाताला बरं वाटलं असतं. ती आजोबांशेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला.

"आई," ती मान वर न करता म्हणाली, "या बारा ऑक्टोबरला केक आणू नकोस."