आपण मागितलं

"माझ्या जागी माझ्याच जावेला उभं केलंत, आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुम्हाला."

शिलाई कारखान्याच्या युनियन ऑफिसात थोरलीने हे अध्यक्षांना सुनावलं ते टेबलावरचा पंखा बंद करून. अध्यक्षांनी कागद तरीही दाबूनच धरले. जुन्यांचा मान आहेच, पण हल्ली नवे विचार लागतात, आणि सभेत बायकांचं भाषण एकच बसतं, असं ते म्हणाले. पुरुषांची किती बसतात, हे विचारायचं तिला रागात सुचलंच नाही.

संध्याकाळी धाकटी भाषण ऐकवायला तिच्याच स्वयंपाकघरात आली. थोरली कांदा चिरत होती. धाकटी कुठेच अडखळत नव्हती, तेच थोरलीला खुपलं. फार घाईत बोलतेस, म्हणाली. हा शब्द कुणाच्या बापाला कळणार, म्हणाली. धाकटी मुकाट्याने बदलत गेली. एका वाक्याला मात्र सुरी थांबली.

"त्यांनी पाळणाघर मागितलं, पण मूल बाईचंच, हेही मान्य करून टाकलं."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

धाकटीने कागदात मान घातली. पाळणाघर थोरलीने मिळवलं होतं. दिवस भरत आलेले असताना फाटकासमोर बसून, आईचं काळीज तुटतं हो, असं मालकाला सांगून.

"'तुम्ही' म्हणायला जीभ रेटेना, ताई."

"तेव्हा मुलाच्या बापाचं नाव काढलं असतं तर मालकाने हसून हाकललं असतं. मला सुचलं नव्हतं असं समजू नकोस. परवडलं नव्हतं. तुला परवडतंय, म्हणून जळते मी तुझ्यावर." तिने सुरीवरचा कांदा बोटाने निपटला. "'आपण' म्हण. आपण मागितलं, आपण मान्य केलं. मग काय धुवायचंय ते धू."

"मी तर तेव्हा शाळेत होते."

"आणि तुझी पोरगी कुठे असते दिवसभर?"

सभेत धाकटी 'आपण' म्हणाली. टाळ्या कडाडल्या. थोरलीचे हात मांडीवरून हलले नाहीत. धाकटीने थोरलीला खाल्लं, असं मागे कुणीतरी कुजबुजलं, तेही तिला नेमकं ऐकू आलं.

अध्यक्षांनी आभार मानले. बायकांचा विषय झाला, आता बोनसकडे वळू, म्हणाले.

थोरली उठली आणि पुढे गेली. माइक अजून धाकटीच्या हातात होता. तो तिने मागितला नाही, घेतला.

"अध्यक्षसाहेब, तुमचा नातू याच पाळणाघरात असतो. त्याला ताप आला की शिलाईवरून तुमच्या सुनेला बोलावतात. मुलगा तुमचा शेजारीच कटिंगला आहे. त्याला का नाही बोलावत?"

हशा पिकला. धाकटीही हसली, मग ओशाळली. तिचं भाषण लोक एवढ्यात विसरलेही होते.

"हसू नका," थोरली म्हणाली. "मी उभीच आहे. उत्तर द्या."