बारशाच्या सुपातला कोळसा

सुमी सात महिन्यांची होती तेव्हा मी तिचे खोकले वहीत मांडत असे. सन छप्पन्न. पिंपरीत गोजाबाईंच्या आवारातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. हे नव्या कारखान्यात बॉयलरवर. साहेबाच्या परवानगीने तिथला पोतंभर दगडी कोळसा घरी आला आणि त्या दिवशी वहीत अकरा खोकले पडले.

कोळशात निम्मा दगडच. तो जळायचा नाही, तापून तडकायचा. एक कपची उडून पाळण्याच्या दोरीला लागली. कोळसा पाण्याने धुऊन साफ करतात, असे मी कॉलेजात वाचले होते. म्हणून पाटीभर कोळसा तीन घागरी पाण्यात धुतला. तो नुसता धुमसत राहिला. खोकले एकोणीस.

धूर बघून गोजाबाई दारात आल्या. "काय गं, तांदूळ हायेत व्हय धुवायला? पाखडायचा सोडून!"

मी खुंटीवरचे सूप काढले.

"ते न्हाई! बारशाला त्यात लेकरू निजवलंस की. काठाला हळद हाय अजून. बाजारातनं दुसरं आण."

"बाजार चार दिवसांनी आहे. तुमचं द्या."

"माझं दाण्याचं हाय."

आत सुमी खोकली. आकडा वीस. गोजाबाईंनी आत पाहिले, मग माझ्याकडे. मी सूप खाली ठेवले नाही.

"आण इकडं. तुझ्यानं व्हायचं न्हाई. आदी सुपारीएवढा फोड. आन् पाळणा भाईर आणून माझ्या पाठीमागं ठेव, वारं तिकडनं हाय."

पोत्यातला कोरडा कोळसा मी फोडत गेले, त्या पाखडत गेल्या. भुकटी वाऱ्यावर गेली, हलका कोळसा सुपाच्या तोंडाशी आला, दगड मागे राहिले. पाळणा मी दोनदा तपासला. अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेले लंगोट मात्र कोणी तपासले नाहीत. ते सगळे काळे झाले.

संध्याकाळी हे आले ते बोलतच. "अगं, साहेब सांगत होते, परदेशात कोळसा पाण्याशिवाय साफ करतात. खालून वारा सोडायचा, वर जाळी हलवायची. खोलीएवढं यंत्र!"

गोजाबाई सूप पदराने पुसत होत्या. "त्यात लेकरू निजतंय का?"

"नाही."

"मग काय उपेग?"

त्यांनी काठाला नवी हळद लावून सूप खुंटीला अडकवले. मी शेगडी पेटवली आणि वही उघडून बसले. भात झाला, आमटी झाली. खोकला एकच. तो यांचा होता. मी लिहिला नाही.