पावती काळी करणाऱ्या यंत्राची कबुली

मित्रांनो, कपाटाच्या माथ्यावर जुन्या चादरीखाली जे चौकोनी ओझे दिसते, ते मी. कागदाला प्लास्टिकचे कवच घालणारे, म्हणजे लॅमिनेशन करणारे एक जुने यंत्र. यंत्राला लाज वाटत नाही, असे विज्ञान सांगते. या विधानाला माझा आक्षेप नाही. मात्र आज मी जे सांगणार आहे, त्यासाठी मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

माझी रचना साधी आहे. पोटात चार रबरी रूळ, त्यांना तापवणारी पट्टी, बाहेर तापमानाची चकती आणि एक हिरवा दिवा. कारखान्यातल्या तंत्रज्ञाने चकती एकशे पंचवीस अंशांवर ठेवून एक कोरा कागद आत सरकवला. तो सपाट बाहेर आला. तेवढ्यावर माझ्या पाठीवर 'तपासले' अशी चिठ्ठी लागली. कोऱ्या कागदावर घेतलेली चाचणी लिहिलेल्या कागदाबद्दल फारसे काही सिद्ध करत नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

माझे मालक एका कचेरीसमोर लहानसे दुकान चालवत. दाखले, गुणपत्रिका, परवाने असे लोकांचे आयुष्यभराचे कागद माझ्या पोटातून जात. मालकीणबाई शेजारी बसून प्रत्येक कागद आधी उलटसुलट पाहत, टाचणी राहिली असेल तर काढत आणि मगच मालकांच्या हाती देत. मालक कडेला तीन मिलिमीटर जागा सोडत, कोपरे गोल कापत. "इथून गेलेला कागद पाण्यात पडला तर बुडेल, पण भिजणार नाही," असे ते गिऱ्हाइकाला सांगत. एकोणीस वर्षांत आम्ही एकही कागद बिघडवला नाही. या आकड्याचा मला अभिमान होता, आणि अभिमान हे पुरावा तपासण्याचे चांगले साधन नाही.

दुकान बंद झाल्यावर मालकांनी मला घरी आणले. हाताची सवय सुटेना. डब्यांवरच्या चिठ्ठ्या, औषधांच्या वेळा, दूरध्वनीचे क्रमांक, जे सापडेल ते प्लास्टिकमध्ये गेले. "बाबा, आता फक्त आईच राहिली," असे त्यांची मुलगी म्हणे.

पुढे मालकीणबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची महिन्याभराने करायची ठरली. त्यांचा आरोग्य विमा होता, परंतु ते रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नव्हते. आधी स्वतः पैसे भरायचे, मग कागद पाठवून ते परत मिळवायचे, अशी पद्धत होती. साठवलेले पैसे एका डोळ्यात संपले. पहिल्या डोळ्याचे पैसे परत आले की दुसरा डोळा, असा सरळ हिशेब होता.

मुलीने फोनवर बजावले, "बाबा, मूळ कागदच लागतात, झेरॉक्स चालत नाही. घरी आल्यापासून तीस दिवसांत द्यायचे. एकही हरवू नका, भिजवू नका."

"मला सांगतेस?" मालक म्हणाले.

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी मला टेबलावर घेतले. मालकीणबाईंच्या डोळ्यात औषध घातलेले होते, त्या आत पडून होत्या. कागद आधी पाहणारे कोणी नव्हते. मालकांनी सर्वांत मोलाचे कागद प्रथम घेतले. रुग्णालयाची पैसे मिळाल्याची पावती आणि औषधांचे लांब बिल, दोन्ही लॅमिनेशनच्या एकाच प्लास्टिक पिशवीत. माझा हिरवा दिवा लागला. मी ते आत ओढले.

मित्रांनो, अशा पावतीवर शाई नसते. कागदावरच एक थर असतो आणि तो उष्णतेने काळा होतो. छपाईयंत्र फक्त अक्षरांपुरती उष्णता देते. साधारण सत्तर अंशांपुढे हा थर रंग धरू लागतो. माझे रूळ एकशे पंचवीसवर होते. मी सगळ्या कागदाचेच एक अक्षर केले.

पिशवी बाहेर आली ती सपाट, गुळगुळीत, एकही बुडबुडा नसलेली आणि काळीकुट्ट. मालकांनी ती उजेडाकडे धरली. उलटी केली. मग माझी चकती पाहिली. चकती बरोबर होती. पुढच्या पिशवीत बसवलेले डिस्चार्ज कार्ड त्यांनी बाहेर काढले आणि ती काळी पिशवी माझ्या बुडाखाली सरकवली. आपल्याच अपराधाचा पुरावा अंगाखाली घेऊन मी तिथे बसलो.

"पाठवलीत का हो फाइल?" मालकीणबाईंनी संध्याकाळी विचारले.

"पाठवली."

मुलीलाही त्यांनी हेच सांगितले. पुढचे सोळा दिवस मी जे पाहिले, ते मला विसरायला आवडले असते. एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धुरकट असला की दोन प्रतिमा जुळत नाहीत, अंतराचा अंदाज चुकतो. मालकीणबाईंनी एकदा चहाचा कप टेबलावर ठेवला. टेबल दोन बोटे अलीकडे संपले होते. "कंपनीचं उत्तर आलं की दुसराही करून टाकू," कपाचे तुकडे गोळा करणाऱ्या नवऱ्याला त्या म्हणाल्या.

पंचविसाव्या दिवशी टेबल पुसताना मालकीणबाईंनी मला उचलले. पिशवी त्यांच्या हाती आली. त्यांनी ती नव्या डोळ्याजवळ धरली, तिरकी केली. चकाकीत रुग्णालयाच्या नावाची पुसट रेघ दिसली असावी.

"अहो, इकडे या. हा काय माझ्या बिलाचा एक्स-रे काढलात?"

मालक दारात उभे राहिले. "फाइल पाठवलेली नाही," एवढेच ते म्हणाले.

"ते दिसलं. डॉक्टरांचे पैसे फुकट गेले नाहीत."

मालकीणबाईंनी तिथेच रुग्णालयाला फोन लावला. दुसरी प्रत मिळेल, पण मूळ पावती कशी खराब झाली ते कारणासह लिहून द्या, असे तिथल्या कारकुनाने सांगितले. बाईंनी कागद आणि पेन टेबलावर ठेवले. मालक बसले नाहीत.

"राहू दे. डोळ्याचं पुढच्या वर्षी बघू."

"का?"

"एकोणीस वर्षं लोकांचे कागद सांभाळले. आता सही करून देऊ, की बायकोचं बिल मीच जाळलं?"

"मग लिहा, यंत्र बिघडलं. ते काही भांडायला येत नाही."

मालक बसले. त्यांनी तसे लिहिले. मी शेजारीच होतो आणि, खरे सांगतो, मला हायसे वाटले. आळ आला तर निदान शिक्षा झाल्यासारखे होईल. पण त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचले आणि खोडले.

"खोटं आहे. ते नेहमीसारखंच चाललं. मीच कागद बघितला नाही."

"मग तसं लिहा."

"हसतील."

"हसू देत. हसताना माणूस शिक्का लवकर मारतो."

'मी व्यवसायाने लॅमिनेशन करणारा असून, कागदाचा प्रकार न तपासता पावती तापवली. चूक माझी आहे,' असे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले. माझ्याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. निर्दोष ठरवले जाणे इतके जड असते, हे मला तेव्हा कळले.

दोन दिवसांत शिक्क्याची प्रत मिळाली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फाइल हातोहात दिली गेली. औषधांच्या बिलाची नवी प्रत कंपनीने अमान्य केली, तेवढी रक्कम कापली आणि बाकीचे पैसे पाठवले. ते येताच दुसरा डोळा झाला, ठरल्यापेक्षा बरेच दिवस उशिरा. त्यातले सोळा दिवस कंपनीचे नव्हते, आमचे होते.

पावती तापवण्याआधी तिच्या कोपऱ्यावर नख जोरात ओढा. काळी रेघ उमटली, तर ती माझ्यासारख्यापासून दूर ठेवा आणि त्याच दिवशी तिची प्रत काढा. एवढी काळजी कोणालाही घेता येते. दुसरी काळजी अधिक अवघड आहे. एक बाई सोळा दिवस अंदाजाने पायऱ्या उतरत होती, कारण घरातल्या दोघांना आपल्या चुकीची लाज वाटत होती. त्यांपैकी यंत्राला बोलता येत नव्हते. माणसाला येत होते. मित्रांनो, तुम्हालाही येते.