नव्या दरवाजाची जुनी करकर

मी एक जुना दरवाजा आहे. निदान ज्यांनी मला नुसते ऐकले आहे, त्यांचे तरी तसेच म्हणणे आहे. एका श्रोत्याने तर पत्रात लिहिले होते, "हा दरवाजा शंभर वर्षांचा नसेल तर मी मिशा काढून टाकीन." मित्रांनो, त्या गृहस्थांना कुणीतरी कळवा की पुढच्या महिन्यात मला तिसरे वर्ष पूर्ण होईल. मिशांचे पुढे काय झाले, तेही मला ऐकायला आवडेल.

तुम्ही म्हणाल, दरवाजाबद्दल कुणी पत्र लिहिते का? सांगतो. मी कुठल्याही घराला लावलेला नाही. माझ्या अलीकडे खोली नाही की पलीकडे अंगण नाही. चार चाकांच्या फळीवर एक चौकट उभी आहे आणि तिच्यात मी, उंचीने माणसाच्या छातीएवढा. मी नाटकात काम करतो. पण ते नाटक डोळ्यांनी बघायचे नसते, मोबाईलवर कानांनी ऐकायचे असते. ते तयार होते आजच, पण ऐकणाऱ्याला वाटावे की पणजोबांचा रेडिओ लागला आहे. आमचा मायक्रोफोनच बघा ना. बाहेरून केवढा पितळी, जाळीदार, भारदस्त. आतला जीव मात्र नखाएवढा आणि कोरा करकरीत. आवाज इतका स्वच्छ येतो, की मग तो मुद्दाम बिघडवावा लागतो. वरून चिमूटभर खरखर भुरभुरवली, की झाला जुना!

मला घडवले एका सुताराने, त्याच्या मुलीसाठी. मुलीचे काम या नाटकांसाठी आवाज काढण्याचे. खडीने भरलेल्या ट्रेमध्ये ती बूट घालून चालली, की कुणीतरी बागेतून येत असते. तिने लाकडी पिंपावर जाड कापड घासले, की वारा सुटतो. सतत काही ना काही वाजवत असते, म्हणून सगळे तिला खुडबुड म्हणतात. बाबांना मात्र या कामाचे काडीचे कौतुक नव्हते. "दारं आपटून कुणाचं पोट भरतं का?" असे ते जेवताना हमखास विचारायचे. तरीही मुलीने मागितला म्हणून त्यांनी मला अगदी जीव ओतून बनवला. रंधा मारून मारून माझ्या फळ्या आरशासारख्या केल्या, नवीकोरी बिजागरी बसवली आणि बोटाने मला ढकलून दाखवले.

"बघ, पाण्यासारखा फिरतो."

"बाबा, छान झालाय, पण मला करकरणारा हवाय," खुडबुड म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. "चाळीस वर्षांत माझं एक दार करकरलेलं नाही. आता उतारवयात मला नावं ठेवून घ्यायची नाहीत."

खुडबुड मला घेऊन थेट भंगारवाल्याकडे गेली. तिथे ती एकेक बिजागरी कानाशी धरून उघडझाप करायला लागली. भंगारवाला म्हणाला, "ताई, लोक बिजागरी बघून घेतात. ऐकून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच." त्रेचाळिसाव्या बिजागरीला तिचे डोळे चमकले. तीच मला बसवली. पहिल्यांदा करकरलो, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

मग काय, माझे दिवस फिरले! आमची एक मालिका सुरू झाली. तिच्यातली थोरली बहीण भांडून घर सोडून गेलेली असते आणि धाकटी भावंडे तिची वाट बघत असतात. दर भागात मी एकदा उघडायचो आणि ऐकणाऱ्यांचा श्वास अडकायचा. आली का? तर कधी पोस्टमन, कधी शेजारी, कधी नुसता वारा. लोक चिडून पत्रे लिहायचे आणि पुढचा भाग पुन्हा कान देऊन ऐकायचे. तुम्हाला खोटे कशाला सांगू, मी जरा चढून गेलो होतो. एरवी आठवडाभर मला झाडू आणि मोडक्या खुर्च्यांमागे ढकलून देत, चहाचे कपसुद्धा माझ्या चौकटीवर ठेवत. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी माझा तोरा बघण्यासारखा असायचा.

शेवटचा भाग मोठ्या सभागृहात, तीनशे लोकांसमोर करायचे ठरले. त्या भागात थोरली बहीण परत येते. ती एक अक्षर बोलत नाही. फक्त माझी लांबलचक करकर, आणि नाटक संपते. तिकिटांवर छापले होते, 'यातला एकही आवाज आधी रेकॉर्ड केलेला नाही.' म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. खुडबुडने पहिल्या रांगेचे एक तिकीट बाबांच्या हातात दिले. ते तिचे काम बघायला आजवर एकदाही आले नव्हते. "एकदा या," एवढेच ती म्हणाली.

बाबा आले. नको तितके लवकर आले! रंगमंचावर चिटपाखरू नव्हते. त्यांनी मला बघितले, खुशीत येऊन बोटाने ढकलले, आणि मी सवयीप्रमाणे करकरलो. मुलीने करकर मागितली होती, हे ते केव्हाच विसरले होते. बाबा चारी बाजूंना बघत पुटपुटले, "अरे देवा. लोक काय म्हणतील? सुताराच्या मुलीचं दार असं?" सुताराची पिशवी त्यांच्या खांद्यावर कायम असते. तिच्यातून त्यांनी तेलाची बाटली काढली. मित्रांनो, मी ओरडणार कसा? मला ओरडता येते ते बिजागरीतूनच, आणि तिच्यातच तेल उतरत होते. वरच्या बिजागरीला, खालच्या बिजागरीला, कडीला, शिवाय फळीच्या चाकांनाही. मग मायेने माझी पाठ थोपटून ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

प्रयोगाला पंधरा मिनिटे उरली होती. खुडबुडने आवाज तपासायला मला उघडले. काही नाही. पुन्हा उघडले. माझी वाचाच बसली होती.

"आता कसा लोण्यासारखा फिरतो, बघ," बाबा खुर्चीतून अभिमानाने म्हणाले.

खुडबुडच्या तोंडचे पाणी पळाले. दिग्दर्शक बाई धावत आल्या. "अगं, हा आवाज नसेल तर शेवटच नाही आपल्याकडे. लोक वर्षभर याच्यासाठी थांबलेत."

खुडबुड बाबांवर चिडली नाही. फक्त त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, ती करकर म्हणजेच माझं काम होतं." आणि तिसरी घंटा झाली.

नाटक सुरू झाले. खुडबुड पावले वाजवत होती, कपबशा किणकिणवत होती, वारा सोडत होती, आणि एक हात मोकळा मिळाला की मागे वळून माझी बिजागरी रुमालाने पुसत होती. पण सुताराने जीव लावून घातलेले तेल रुमालाला दाद देईल होय! मला वाटले, आज माझ्यामुळे या पोरीची शोभा होणार.

बाबा आधी मान खाली घालून बसले होते. मग खडीवर पावले वाजली आणि त्यांनी दचकून मागे बघितले. कुणी आले नव्हते. शेजारच्या खुर्चीवरच्या एक आजी डोळे मिटून, पदर मुठीत धरून ऐकत होत्या. बाबांनी आपल्या मुलीच्या हातांकडे बघितले. बराच वेळ बघितले. आणि पिशवी उचलून ते गुपचूप रंगमंचाच्या कडेला आले.

त्यांनी मला विंगेत ओढून घेतले. चाकांना तेल होते म्हणून बरे, कुणाला पत्ताही लागला नाही. गुडघे टेकून त्यांनी बिजागरीच्या खिळ्या काढल्या आणि थिनरने खसखसून पुसून परत बसवल्या. त्या वासाने पहिल्या रांगेत कुणीतरी शिंकले. स्वतःचे तिकीट काढून त्यांनी त्याच्या चार घड्या घातल्या आणि त्या खालच्या बिजागरीमागे सारल्या. मी एका अंगाने कलंडलो. वरचे स्क्रू त्यांनी वाजवीपेक्षा जास्त आवळले. चाळीस वर्षे ज्या चुका टाळल्या, त्या सगळ्या त्यांनी दहा मिनिटांत करून टाकल्या. पण उघडून बघण्याची सोय नव्हती. आवाज सभागृहात गेला असता.

खुडबुड धावत आली. बाबा कुजबुजले, "करकर कुठून येते ते मला नाही कळणार तर कुणाला? हळू उघड. आणि मध्ये थांबू नकोस."

तिने मला जागेवर नेले. सगळी पात्रे गप्प झाली. तीनशे माणसे, पण टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. खुडबुडने कडी काढली, डोळे मिटले आणि मला ढकलले.

मित्रांनो, असा मी आयुष्यात करकरलो नव्हतो! माझ्या जुन्या आवाजाहून खोल, लांब. मध्येच किंचित अडखळणारा, जणू उंबऱ्यापाशी कुणीतरी आत यावे की नको म्हणून घुटमळते आहे. मग पूर्ण उघडलो आणि थांबलो. पहिल्या रांगेतल्या त्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "आली गं बाई." आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. मला टाळ्या वाजवता आल्या असत्या तर मीही वाजवल्या असत्या.

नंतर लोक रंगमंचावर चढून मला हात लावून बघू लागले. एका गृहस्थांनी बाबांना विचारले, "हा दरवाजा तुम्ही बनवलात?"

"हो," बाबा म्हणाले. मग त्यांनी मुलीकडे बघितले आणि मान ताठ करून सांगितले, "आणि करकरसुद्धा मीच केलीय. हिला लागते."

खुडबुड रडली की हसली, ते मला नीटसे सांगता येणार नाही. मी लाकडाचा असूनही मला भरून आले.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगणे आहे. वस्तूंची काळजी घ्या, माणसांचीही घ्या. पण कुणाची करकर ऐकून लगेच तेल घालायला धावू नका. आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "तुझं काम काय असतं, दाखवशील?"