सूर्यभानबाबांची जागा

“मेल्यावर मला हितं येता येनार न्हाई साहेब, म्हनून आजच आलोय,” असं म्हणत सूर्यभान गोसाव्यांनी अर्ज माझ्या टेबलावर ठेवला.

सत्तरी ओलांडलेला, ताठ कण्याचा माणूस. त्यांच्यात मृताला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात. बायको लंकाबाई बारा वर्षांपूर्वी त्यांच्याच शेतात, बांधाच्या कडेला अशी बसलेली आहे. बाबांना तिच्या शेजारी बसायचं होतं, एवढंच. पण नऊ वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, ते शेत हद्दीत आलं, आणि हद्दीत नेमून दिलेल्या जागेशिवाय कुणाला पुरता येत नाही. गेल्या महिन्यात त्यांचा भाऊ कानिफनाथ वारला, तेव्हा खणलेला खड्डा आमच्याच माणसांनी बुजवायला लावला आणि त्याला गावाबाहेरच्या दफनभूमीत नेलं.

“भावाला अनोळखी लोकांत बसवलाय. माझं तसं नगं.”

“बघतो,” मी म्हणालो.

हे ऐकून लोक चिडतात, पण मी खरंच बघतो. नगरपंचायतीला काय काय करता येतं, हे वाचायचा मला नाद आहे. रस्त्यावर आलेलं कुंपण छाटायला लावता येतं, घाण पाण्याची विहीर बंद करता येते, पडायला आलेली भिंत पाडता येते. एवढे अधिकार, आणि आम्ही रोज वापरतो तो एकच, ‘उद्या या’ म्हणण्याचा.

तर पुस्तकं चाळताना सापडलं. आधीपासून वापरात असलेल्या खासगी जागा यादीत असतील, तर त्या पुढेही चालू ठेवता येतात! आनंदाने मी यादीची फाइल काढली. आत एकच ओळ होती. ‘खासगी दफनाच्या जागा: निरंक.’ खाली सही माझी.

नगरपंचायत झाल्यावर ही यादी केली, तेव्हाचं सगळं आठवलं. ‘अशा जागा असल्यास कळवा’ अशी नोटीस बोर्डावर लावली, महिनाभर कुणी फिरकलं नाही, म्हणून खुर्चीतून न उठता मी निरंक लिहून टाकलं. आमच्या नोकरीत त्याच्याइतकं सुखाचं काम नाही.

“नगरपंचायत झाली त्या वर्षी दिवाळीनंतर नोटीस लावली होती बाबा, तेव्हा का नाही आलात?” मी उगाच आवाज चढवला.

“दिवाळीनंतर आमी उसाला आस्तो, कोल्हापूरकडं. गावात हुतंच कोन?”

मला मनापासून लाज वाटली. उठलो आणि फाइल घेऊन मुख्याधिकारी मॅडमकडे गेलो.

“जिवंत माणसाला परवानगी कशी द्यायची?” त्या म्हणाल्या.

“परवानगी जागेला असते मॅडम, माणसाला नाही.”

“मग ती जागा यादीत का नाही?”

“मी न बघता निरंक लिहिलं म्हणून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे लेखी द्याल? चार महिन्यांत रिटायर होताय तुम्ही.”

“देतो.”

“मग जागेचं माप आणा. सभेपुढे ठेवते. ठराव झाला तर झाला.”

दुपारी टेप घेऊन शेतात गेलो. बांधाशी लंकाबाईचा, चुना लावलेला लहानसा ओटा होता, वर झेंडूची दोन फुलं.

“किती जागा लागेल?” मी विचारलं.

बाबांनी चपला काढल्या. ओट्याशेजारी मातीत मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. “ह्येवढी.”

मी वाकून माप घेऊ लागलो. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन फूट सात इंच. इतक्या वर्षांत गटारं मोजली, टपऱ्या मोजल्या, माणूस कधी मोजला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “ओटा आणि तुमच्यामध्ये तीन फूट अंतर दाखवतो.”

“तीन कशापायी साहेब? लई लांब हुतंय.”

डोळे न उघडताच ते बसल्या बसल्या ओट्याकडे वीतभर सरकले. मी टेप पुन्हा लावला.